चिखल्या : खाज थांबली, तरी मलम थांबवू नका

भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी लागली की बाया दिवसभर बांधीत पोटरीभर चिखलात वाकलेल्या असतात. संध्याकाळी पाय धुतल्यावर करंगळी आणि शेजारच्या बोटाची बेचकी फाकवून पाहा. कातडी पांढरी, लिबलिबीत झालेली. जरा ओढली तर पापुद्रा सुटतो, खाली लालभडक, आणि वर आग. याच त्या चिखल्या.

नावात चिखल असला तरी दोष एकट्या चिखलाचा नाही. ओलीने कातडी मऊ पडते आणि ट्रायकोफायटॉन नावाची बुरशी तिथे घर करते. कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातलं केराटिन हेच तिचं अन्न. ती वरवर राहते म्हणूनच साधं मलमही तिच्यापर्यंत पोचतं.

मलम बुरशीला मारतं, मग आपल्या कातडीला का नाही? आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. मलमांतली क्लोट्रिमॅझोल आणि टर्बिनाफिन ही दोन्ही औषधं हे एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत. टर्बिनाफिनने तर स्क्वालिन नावाचा कच्चा माल बुरशीच्या पोटात साचतो आणि तीच त्याने मरते. म्हणून १ टक्का टर्बिनाफिन बोटांच्या बेचक्यांत बहुधा आठवडाभर पुरतं, क्लोट्रिमॅझोल मात्र दिवसातून दोनदा, साधारण ४ आठवडे लावावं लागतं. घोळ इथेच होतो. चार दिवसांत खाज जाते, ट्यूब कोनाड्यात पडते, आणि कातडीत उरलेले बुरशीचे धागे पुन्हा पसरतात.

त्याहून वाईट म्हणजे मेडिकलमध्ये ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणून मागणं. हाती बरेचदा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड मिसळलेलं मलम येतं. लाली एका रात्रीत उतरते, पण कातडीची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी आतल्या आत फोफावते. ट्यूबवरचं नाव वाचून घ्याच.

पूर्व विदर्भात हे जास्तच जपायला हवं, कारण इथे हत्तीरोग आहे. सुजलेल्या पायाच्या बेचकीत चीर पडली की तिथून जंतू शिरतात, ताप येतो, पाय लाल होतो, आणि अशा प्रत्येक झटक्यागणिक सूज वाढत जाते. अशा माणसाने रोज पाय धुऊन, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने एकेक बेचकी कोरडी करून मगच मलम लावावं. मधुमेह असेल किंवा लाली घोट्याच्या वर चढू लागली, तर मलमावर न थांबता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं.