वैद्यकीय वर्गीकरणासाठी सामूहिक ऑनलाइन संपादन: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रोगांच्या वर्गीकरणाचे काम अनेक संस्थांत अजूनही एक्सेलच्या फायली ई-मेलने फिरवून चालते. तज्ज्ञांकडून फायली परत आल्या की त्यांतली अंतिम कोणती हे शोधण्यात वेळ जातो, आणि एखादे पद का वगळले याचे कारण कोणाच्या तरी इनबॉक्समध्येच राहते. आमच्या प्रणालीत वर्गीकरणाची एकच प्रत असते. बदल कोणी व केव्हा केला याची नोंद आपोआप होते आणि कारण लिहिल्याशिवाय बदल जतन होत नाही.

ही पद्धत मोठ्या कामात वापरली गेली आहे. आयसीडी-११ चा, म्हणजे रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीचा, मसुदा घडवताना जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वेबप्रोटेजे या सामूहिक ऑनलाइन संपादनाच्या प्रणालीवर आधारलेले आयकॅट हे साधन वापरले. मे २०१९ मध्ये स्वीकारलेली ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली.

तिच्या मूळ संचात, म्हणजे सर्व संकल्पनांच्या संपूर्ण संग्रहात, एक संकल्पना एकाहून अधिक शाखांखाली राहू शकते. मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग हा संसर्गही आहे आणि मज्जासंस्थेचा विकारही. मात्र आकडेवारीसाठीच्या यादीत तो दोनदा मोजला जाऊ नये म्हणून त्याची मुख्य जागा एकच ठरवावी लागते. हा निर्णय कोणतेही साधन घेत नाही, तो तज्ज्ञांनीच घ्यायचा असतो.

जागा बदलण्याचे परिणामही दूरवर जातात. आयसीडी-१० मध्ये ब्रेन स्ट्रोक रक्ताभिसरण संस्थेच्या प्रकरणात होता, तर आयसीडी-११ मध्ये तो मज्जासंस्थेच्या प्रकरणात आहे. त्यामुळे प्रकरणवार मृत्यूंची जुनी व नवी आकडेवारी शेजारी ठेवली, तर रुग्ण तेवढेच असूनही एकीकडे घट आणि दुसरीकडे वाढ दिसू शकते. पडद्यावर मात्र एखादी शाखा माउसने ओढून दुसरीकडे नेणे क्षणाचे काम असते, आणि आमच्या मते अशा साधनांतला खरा धोका हाच आहे. म्हणून शाखांतर थेट लागू न होता प्रस्ताव म्हणून नोंदले जाते व विषय-संपादकाने मंजूर केल्यावरच अमलात येते. नामंजूर प्रस्ताव आम्ही पुसत नाही, कारण तोच मुद्दा पुढे हमखास पुन्हा निघतो.

व्याख्या व समानार्थी पदे सुचवण्याची मुभा कोडिंग करणाऱ्या, म्हणजे निदानांना वर्गीकरणातील संकेतांक देणाऱ्या, कर्मचाऱ्यांनाही अवश्य द्यावी. केसपेपरवर डॉक्टर प्रत्यक्षात काय लिहितात, हे त्यांना सर्वांत चांगले ठाऊक असते. चर्चेच्या रकान्यात मात्र रुग्णाचे नाव किंवा नोंदणी क्रमांक लिहू नये, कारण तो मजकूर प्रकल्पातील सर्व सदस्यांना दिसतो.