कुत्र्या-मांजरांमधील सेप्सिस : व्याख्या आणि ओळख

जंतुसंसर्ग आणि सेप्सिस या दोन वेगळ्या अवस्था आहेत. कातडीवरची पिकलेली जखम किंवा दाताच्या मुळाशी झालेले गळू यांत जंतू एका जागी असतात आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा बहुधा त्यांना तिथेच अडवून धरते. मात्र याच यंत्रणेचा तोल सुटून दाह सर्व शरीरभर पसरला आणि त्यापायी रक्तदाब, मूत्रपिंडे, यकृत, फुप्फुसे किंवा रक्त गोठण्याची क्रिया बिघडू लागली, की त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. माणसांसाठी २०१६ साली मांडलेल्या व्याख्येचा गाभा हाच आहे आणि पशुवैद्यकातही विचार आता त्याच दिशेने चालतो. रक्तात जंतू सापडलेच पाहिजेत अशी अट त्यात नाही; रक्ताच्या कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत) काहीही वाढले नाही, तरी सेप्सिस असू शकतो.

तपासणीच्या टेबलावर आम्ही जुने, मोजमापाचे निकषही वापरतो. प्रचलित निकषांनुसार कुत्र्याचे तापमान १००.६ अंश फॅरेनहाइटहून कमी किंवा १०२.६ हून जास्त, नाडी मिनिटाला १२० च्या वर, श्वास २० च्या वर आणि रक्तातील पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला ६,००० हून कमी किंवा १६,००० हून जास्त, यांपैकी दोन गोष्टी आढळल्या तर संशय घेतला जातो. हे निकष सैल आहेत, कारण रिक्षातून धापा टाकत आलेले आणि दवाखान्याच्या वासानेच बावरलेले धडधाकट कुत्रेही यांतल्या दोन अटी सहज पूर्ण करते. म्हणूनच संसर्ग नेमका कुठे आहे, याचा शोध आमच्या दृष्टीने आकड्यांहून महत्त्वाचा असतो.

मांजरांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. त्यांच्यासाठी चारपैकी तीन निकष जुळावे लागतात, आणि त्यांत नाडी २२५ हून जलद असणे जसे धरले जाते, तसेच ती १४० हून मंद असणेही धरले जाते. सेप्सिस झालेल्या मांजराला ताप असेलच असे नाही. पुष्कळदा त्याचे तापमान १०० अंशांखाली उतरते, नाडी मंदावते आणि रक्तदाब पडतो. कान आणि पंजे गार लागणारे, कोपऱ्यात निपचित बसून राहणारे मांजर 'ताप नाही, म्हणजे विशेष काही नाही' या समजुतीने घरीच ठेवले जाते आणि त्यात उपचारांचे मोलाचे तास निघून जातात.

घरी पाहण्यासारखी सर्वांत उपयोगी जागा म्हणजे हिरड्या. बोटाने दाबून सोडल्यावर त्यांचा रंग साधारण एक ते दोन सेकंदांत परतायला हवा. कुत्र्यांत सुरुवातीला हिरड्या विटेसारख्या लालभडक होतात आणि रंग एका सेकंदाच्या आत परततो. पुढे त्या फिकट पडतात आणि रंग परतायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो. मांजरांत लालभडक टप्पा सहसा दिसत नाही. त्यांच्या हिरड्या थेट फिकट किंवा पिवळसर होतात. हिरड्या मुळातच काळ्या असतील, तर खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी.

मूळ संसर्ग कुठूनही सुरू होऊ शकतो. नसबंदी न झालेल्या मादीला माज संपल्यानंतरच्या एक-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो, आणि गर्भाशयाचे तोंड बंद असेल तर स्राव बाहेर दिसतही नाही. पाणी फार पिणे, उलट्या आणि सुस्ती एवढेच दिसते. लस न दिलेल्या पिल्लांत पार्व्हो या विषाणूमुळे आतड्याचे अस्तर नष्ट होते आणि तिथले जंतू रक्तात शिरतात. गिळलेली आंब्याची कोय किंवा मोजा आतड्यात अडकून छिद्र पडल्यास पोटात पू होतो. मांजरांत छातीच्या पोकळीत साचलेला पू हे कारण वरचेवर आढळते.

दवाखान्यात रक्तातील साखर, लॅक्टेट (ऊतींना प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ), पेशींची संख्या आणि रक्तदाब तपासला जातो. पोटात पाणी आढळल्यास त्याचा नमुना सुईने काढतात. त्यातील साखर रक्तातील साखरेपेक्षा दर डेसिलिटरला २० मिलिग्रॅमहून अधिक कमी असेल, तर तिथे जंतू असल्याचा संशय बळावतो. सलाईन आणि प्रतिजैविके तातडीने सुरू केली जातात. परंतु पू साचलेला असेल, तर तो शस्त्रक्रियेने किंवा नळी घालून काढल्याखेरीज औषधांचा पुरेसा उपयोग होत नाही.

आजारी प्राण्याला घरातील पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कृपया देऊ नये. मांजरासाठी पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा प्राणघातक ठरू शकते. हिरड्यांचा रंग बदललेला असेल, प्राणी उठत नसेल, जलद श्वास घेत असेल किंवा त्याचे अंग हाताला गार लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता दूरध्वनी करून निघावे, आणि येताना आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या व लसीकरणाचे कार्ड सोबत आणावे.