तान्ह्या पोळ्याची गल्ली आणि मुलाचा मेंदू

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात सकाळी काळ्या-पिवळ्या मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते आणि संध्याकाळी तान्हा पोळा भरतो. महाल-इतवारीच्या जुन्या गल्ल्यांपासून मानेवाड्याच्या नव्या वस्त्यांपर्यंत लहान मुले चाके लावलेला लाकडी नंदी दोरीने ओढत घरोघर जातात, घरातली बाई नंदीला कुंकू लावते आणि मुलाच्या हातावर बोजारा म्हणून काही पैसे किंवा खाऊ ठेवते. मागच्या वर्षी आमच्या गल्लीत चार वर्षांच्या एका मुलाच्या नंदीचे पुढचे चाक भर रस्त्यात निखळले. त्याचे ओठ थरथरू लागले, तेवढ्यात समोरच्या घरातले काका हातोडी घेऊन आले आणि त्याला शेजारी बसवून, खिळा त्याच्याच चिमटीत धरायला देऊन त्यांनी चाक बसवले. मुलाची आई तीन घरे मागे होती. ती धावत आली नाही, कारण तिला धावण्याची गरज वाटली नाही.

त्या आईला लाभलेला हा निवांतपणा मुलाच्या वाढीसाठी किती मोलाचा असतो, हे गेल्या काही दशकांच्या संशोधनातून स्पष्ट होत आले आहे. संगोपनाविषयी आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा पालकांच्या गुणदोषांविषयी बोलतो: अमकी आई शांत आहे, तमका बाप तापट आहे. परंतु पालक मुलाशी कसे वागतात हे त्यांच्या स्वभावाइतकेच त्यांच्या भोवती कोण उभे आहे यावरही अवलंबून असते.

नवजात बाळाचा मेंदू प्रौढ मेंदूच्या साधारण एक चतुर्थांश असतो आणि पाचव्या वर्षापर्यंत तो सुमारे ९० टक्के आकार गाठतो. या काळात मेंदूतील पेशींच्या जोडण्या विलक्षण वेगाने तयार होतात, आणि त्यांतील कोणत्या पक्क्या व्हायच्या व कोणत्या गळून पडायच्या, हे बरेचसे रोजच्या देवाणघेवाणीतून ठरते. बाळ हुंकार देते, आई ‘हो का रे सोन्या’ म्हणते, बाळ पाय झाडते, आजी हसते. हे आपल्याला निव्वळ कौतुक वाटते, पण बाळाच्या दृष्टीने आपल्या करण्याला जगाकडून उत्तर येते याचा तो पहिला पुरावा असतो.

उत्तर आले नाही तर काय होते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातून दिसते. आईने बाळाशी नेहमीसारखे खेळायचे आणि मग दोन-तीन मिनिटे चेहरा पूर्ण निर्विकार ठेवून त्याच्याकडे नुसते पाहत राहायचे, एवढाच तो प्रयोग. बाळे आधी हसून, मग आवाज काढून आईला परत मिळवण्याची धडपड करतात, आणि काही जमत नाही असे पाहून मान वळवतात, मलूल होतात किंवा रडू लागतात. याच ट्रॉनिक यांचे दुसरे निरीक्षण मात्र मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि प्रत्येक नव्या आईला ते कोणीतरी सांगायला हवे. त्यांच्या नोंदींनुसार, अगदी प्रेमळ आईचे आणि बाळाचे सूरसुद्धा साधारण ३० टक्केच वेळ जुळलेले असतात. उरलेल्या वेळात ते चुकतात आणि पुन्हा जुळवून घेतले जातात, आणि बाळाला आधार वाटतो तो या पुन्हा जुळण्याचा. म्हणजे आईने कधीच चुकू नये अशी निसर्गाची अपेक्षा नाही. चुकल्यानंतर पुन्हा वळून पाहण्याइतके त्राण तिच्यात उरलेले असावे, एवढेच त्याला पुरते.

हे त्राण कशाने जाते? कॅलिफोर्नियातील संशोधक टॅली बराम यांनी उंदीर-माद्यांवर केलेले काम येथे उपयोगी पडते. घरटे करण्यासाठी मादीला लागणारे साहित्य त्यांनी अगदी थोडे ठेवले. मादीने पिलांना टाकले नाही, त्यांना दूध पाजणे, चाटणे हेही चालूच राहिले, पण त्याची लय तुटली: अर्धवट चाटायचे, उठायचे, साहित्य शोधत फिरायचे, पुन्हा यायचे. पुढचे काय हे पिलांना कळेनासे झाले, आणि मोठेपणी त्यांच्या ताण हाताळण्याच्या यंत्रणेत व स्मरणशक्तीत फरक दिसून आला. उंदरांवरून माणसांविषयी घाईने निष्कर्ष काढू नये हे खरे, तरीही या प्रयोगात मादीच्या स्वभावात कोणी काही बदलले नव्हते, तिच्या पायाखालचे साहित्य तेवढे कमी केले होते, ही गोष्ट विसरता येत नाही.

आता नागपूरच्या बेसा किंवा मनीषनगरमधल्या एखाद्या फ्लॅटमधली बाळंतीण डोळ्यांसमोर आणावी. माहेर यवतमाळकडे, आई सव्वा महिना राहून परत गेलेली, नवरा मिहान या उद्योगक्षेत्रातल्या नोकरीवर रात्री आठला येणारा, मे महिन्यात पारा ४५ अंशांवर आणि दिवसभर कूलरच्या घरघरीत ती आणि बाळ, दोघेच. तिला सल्ल्यांची उणीव नसते. ‘दूध पुरत नाही वाटतं’, ‘आमच्या वेळी असं नव्हतं’, ‘इतकं कडेवर घेऊ नकोस, सवय लागेल’, हे सारे फोनवरून रोज पोहोचते. पोहोचत नाही तो तासभर बाळ धरणारा हात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगभरात बाळंतपणानंतर सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार, प्रामुख्याने नैराश्य, जाणवते आणि विकसनशील देशांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या जवळ जाते. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवऱ्याकडून होणारी हिंसा, गरिबी आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे यांचा या नैराश्याशी संबंध आढळला. म्हणजे हे दुखणे केवळ संप्रेरकांचे नाही. त्यातला मोठा वाटा घर आणि गाव तिच्या पदरात टाकते.

म्हणूनच उपायही घर आणि गाव देऊ शकते. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या ग्रामीण भागात आतिफ रहमान यांच्या गटाने नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांकडे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या पाठवल्या. मानसशास्त्राची पदवी त्यांच्यापैकी कोणाकडेही नव्हती. थोडे प्रशिक्षण घेऊन त्या घरी जात, ऐकून घेत, मनातला नकारात्मक विचार ओळखायला मदत करत आणि घरातल्यांनाही बोलण्यात सामील करून घेत. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा या गटातील २३ टक्के स्त्रियांमध्ये नैराश्य उरले होते, तर फक्त नेहमीच्या भेटी मिळालेल्या स्त्रियांमध्ये ५३ टक्के. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि विशेष म्हणजे त्या घरांत आईच नव्हे तर वडीलही बाळाशी अधिक खेळू लागले होते. जमैकात वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर झालेले कामही याच जातीचे आहे: दोन वर्षे आठवड्यातून एकदा एक कार्यकर्ती घरी जाई, घरगुती वस्तूंपासून केलेली खेळणी नेई आणि आईला मुलाशी खेळण्याचा सराव देई. ज्यांच्या घरी अशा भेटी झाल्या ती मुले २० वर्षांनंतर, भेटी न झालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक कमावत होती.

हे आपल्याला नवखे वाटू नये. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आमच्याच विदर्भात, गडचिरोलीच्या खेड्यांत, गावातल्या बायांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले आणि नवजातांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ मध्ये जगासमोर मांडले. अंगणवाडी तर १९७५ पासून आपल्या वस्त्यांत आहे. तिच्या सेविकेला खिचडी आणि नोंदवह्या यांतून थोडी उसंत मिळाली, तर आईजवळ बसायला तिच्याइतके योग्य माणूस दुसरे नाही.

येथे जुन्या वाड्यांचे गोडवे गाण्याचा मोह आवरायला हवा. एकत्र कुटुंबात मुलाला दहा मांड्या मिळत हे खरे, पण त्याच्या आईला दहा नजराही मिळत आणि विसावा क्वचितच. शिवाय मुलावर हात उगारण्याचा हक्क घरातल्या प्रत्येक मोठ्याला असे. मारण्याने मूल सुधारते ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. एलिझाबेथ गर्शोफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या अमेरिकी संशोधकांनी २०१६ मध्ये १,६०,००० हून अधिक मुलांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा चापट मारण्याचा संबंध आक्रमकपणा आणि मानसिक त्रास वाढण्याशीच आढळला. गल्लीचा आधार हवा, तो गल्लीचा पहारा होऊ नये.

आमच्या इमारतीतल्या बायकांची अनेक वर्षांची पैशांची भिशी आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांनी तिच्याच धर्तीवर वेळेची भिशी सुरू केली: प्रत्येकीने आठवड्याचा एक तास टाकायचा आणि गरज असेल तिने तो उचलायचा. त्यात दोन निवृत्त आजोबाही आपणहून सामील झाले. पहिले तास पहिल्या मजल्यावरच्या दोन महिन्यांच्या मुलीच्या आईने उचलले. दुपारी चार ते पाच या वेळात जो जाईल त्याने बाळ घ्यायचे, वाळलेल्या दुपट्यांच्या घड्या करायच्या आणि विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, असे ठरले आहे. शेवटचा नियम पाळणे सर्वांत अवघड जाते, असे आजोबांचे म्हणणे आहे. पहिल्या दिवशी ती आई तासभर झोपली. दुसऱ्या आठवड्यात ती झोपली नाही, ओट्यावर येऊन बसली आणि आजोबांच्या मांडीवरची मुलगी कोणत्या आवाजाला हसते ते त्यांना दाखवू लागली.