मुंबईतील बार आणि रात्रजीवन

कुलाब्यापासून अंधेरी-वर्सोव्यापर्यंत वस्तीगणिक मुंबईतल्या बारचा तोंडवळा बदलतो. बदलत नाही ती वेळ. परवानाधारक बार रात्री दीडला बंद होतात आणि शेवटची ऑर्डर त्याआधी, बहुधा एकच्या सुमारास घेतात. जानेवारी २०२० मध्ये बिगरनिवासी भागांतील हॉटेले व मॉल चोवीस तास उघडे ठेवायला मुभा मिळाली, पण दारू देण्याची वेळ तीच राहिली.

कायदा : १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. एक दिवसाचा (विदेशी मद्यासाठी) ५ रुपयांत, वर्षाचा १०० रुपयांत आणि आजीवन १,००० रुपयांत मिळतो. टेबलावर तो सहसा कोणी मागत नाही, वय मात्र विचारले जाते. बिअर-वाइनसाठी २१ वर्षे, व्हिस्की-रमसारख्या मद्यासाठी २५. बाविशीतल्या गिऱ्हाइकाला त्याच टेबलावर बिअर मिळते आणि रम नाकारली जाते, ती यामुळेच. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी असे काही दिवस ‘ड्राय डे’, म्हणजे दारूविक्री बंद. शिवाय मतदान संपण्याआधीचे ४८ तासही कोरडे जातात.

कुलाबा-फोर्ट : ताजमहाल हॉटेलातला ‘हार्बर बार’ १९३३ चा. त्याच्या खिडक्यांतून गेटवे आणि बंदर दिसते, आणि बिलही त्याच तोलाचे येते. मागच्याच गल्लीत ‘गोकुळ’मध्ये तोच पेग कितीतरी स्वस्तात मिळतो, शनिवारी रात्री मात्र जागेसाठी उभे राहावे लागते. लिओपोल्ड (१८७१) आणि व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या चित्रांनी भिंती भरलेले मोंडेगार या कॅफेंमध्ये पर्यटकांची गर्दी असते. फोर्टातल्या ‘मिलिटरी’, ‘युनिव्हर्सल’सारख्या इराणी हॉटेलांत खिमा-पाव आणि थंड बिअर ही दुपारची जोडी, तिथे उशिरा जाण्यात अर्थ नाही.

परमिट रूम : मुंबईचा खरा बार हाच. गिरगाव, लालबाग, दादर, कुर्ला, कुठेही स्टेशनपासून पाच मिनिटांच्या अंतरावर एखादा सापडतो. मंद दिवे, रेक्झिनचे बाकडे, वर माळ्यावर एसी. एसी आणि साध्या भागाचे दर वेगळे असतात, त्यामुळे बसण्याआधी दोन्हीकडचे मेनूकार्ड पाहावे. ऑर्डर ‘थर्टी’ (३० मिलि), ‘सिक्स्टी’, ‘नाईन्टी’ किंवा ‘क्वार्टर’ (१८० मिलि) अशी सांगतात. दोघे एकच ब्रँड घेणार असतील तर क्वार्टर मागवून नाईन्टी-नाईन्टी वाटून घेणे सुटे पेग मागवण्यापेक्षा बहुधा परवडते. बाटलीचे सील टेबलावरच फोडायला सांगावे. सुटा पेग असेल तर माप डोळ्यांसमोर भरू द्यावे. सोडा, पाणी, बर्फ वेगळे मागवावे लागतात. चकना (उकडलेले चणे, शेंगदाणे, काकडी) अनेक ठिकाणी आपोआप येतो. मसाला पापड आणि चिकन चिली मात्र बिलात चढतात. खाण्यावर जीएसटी आणि दारूवर व्हॅट वेगवेगळा लागतो, म्हणून हिशेब मेनूतल्या दरापेक्षा फुगतो. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, काढायला सांगता येतो.

लोअर परळ-वरळी : १९८२ च्या संपानंतर ओस पडलेल्या गिरण्यांच्या आवारांत पब आणि क्लब उभे राहिले : कमला मिल, मथुरादास मिल, तोडी मिल. २८-२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलमधल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. गच्चीवरच्या जागांच्या परवानग्या आणि बाहेर पडायचे मार्ग यांची झाडाझडती त्यानंतरच झाली. इथे शिरल्यावर जिन्याची वाट पाहून ठेवणे हा भित्रेपणा नव्हे. वरळीत ‘फोर सीझन्स’ हॉटेलच्या ३४ व्या मजल्यावरून समुद्र उत्तम दिसतो, पण जून ते सप्टेंबर गच्चीवरच्या बारचा बेत पाऊस उघडेल या भरवशावर करू नये.

वांद्रे ते वर्सोवा : पाली नाक्याला ‘जनता’ हा परमिट रूमच्या वळणाचा बार आणि जुन्या रॉक संगीताचा ‘टोटोज’ हाकेच्या अंतरावर आहेत. वस्ती निवासी असल्याने रहिवाशांच्या तक्रारी इथे कायमच्या. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. अंधेरी पश्चिमेला क्राफ्ट बिअरच्या जागा आणि सिनेमा-मालिकांच्या क्षेत्रातली तरुण मंडळी अधिक.

डान्सबारवर २००५ मध्ये बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती रद्दच ठरवली आणि २०१९ मध्ये नव्या कायद्यातल्या काही अटीही सैल केल्या. तरी जुना धंदा फारसा परतला नाही. आज दिसतात ते बहुतांशी ऑर्केस्ट्रा बार, म्हणजे गाणी-वाद्यांचे.

परतीचा प्रवास : चर्चगेटहून शेवटची लोकल एकच्या आसपास सुटते, म्हणजे बार बंद होण्याच्या आधी. दीडपर्यंत बसणाऱ्याने टॅक्सीचे पैसे वेगळे काढून ठेवावेत. काळी-पिवळीला मध्यरात्री ते पहाटे पाच २५ टक्के जादा भाडे पडते, आणि रिक्षा वांद्र्याच्या दक्षिणेला येत नाही, त्यामुळे कुलाबा किंवा परळहून ती शोधणे फुकट. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. शनिवार-रविवारच्या आणि थर्टी फर्स्टच्या रात्री नाकाबंदी हमखास असते.