श्वास मोजायचा की नाम घ्यायचं?

जीव घाबराघुबरा होतो, झोप लागत नाही म्हटलं की आपल्या जळगाव-धुळ्याकडे सल्ला ठरलेला: प्राणायाम कर, नाहीतर नाम घे. सांगणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. शरीरात घडतंही बरंचसं सारखं. एरवी मोठा माणूस बसल्या जागी मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. उच्छ्वास लांबून ते सहाच्या आसपास आले, की ताण उतरू लागतो.

पण श्वास लांबवतं कोण? अनुलोम-विलोमात तुम्ही स्वतः. अंगठ्याने उजवी नाकपुडी दाबायची, डावीने चार अंक आत. मग डावी दाबून उजवीने आठ अंक बाहेर. सगळं लक्ष श्वासावर. स्वामी कुवलयानंदांनी अशा क्रिया यंत्रांनी तपासल्या. आधी ते अमळनेरला शिकवत, १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंशोधनाची संस्था काढली.

जपात हे काम शब्द करतात. मुक्ताईनगरच्या वाटेवर वारकऱ्यांच्या हरिपाठात उभे राहून बघा. एक रांग चरण म्हणते तोवर दुसरी दम घेते, आणि चरण संपेपर्यंत म्हणणाऱ्याचा श्वास बाहेरच जात असतो. मोजणारं कुणी नसतं, टाळ मोजतो. इटलीचे संशोधक लुचियानो बर्नार्डी यांनी २००१ साली हेच दाखवलं: ‘ओम मणि पद्मे हुम’ म्हणा की लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ ओढा, श्वास मिनिटाला सहाच्या जवळ येतात.

म्हणून मनातल्या मनात केलेला जप वेगळा धरावा. त्यात मन गुंततं, पण ओठच हलले नाहीत तर श्वास आपोआप लांबेलच असं नाही.

घाबरल्यावर श्वासाकडे लक्ष दिलं की काहींना उलट जास्तच गुदमरतं. अशांनी नाकपुड्यांच्या मागे लागू नये, आवाज काढून नाम घ्यावं, हे माझं स्पष्ट मत. देवाचं नाव नको असेल तर भ्रामरी आहे: ओठ मिटून, लांब गुणगुणत श्वास सोडायचा. शब्द नाही, तरी आवाजच श्वास लांबवतो.

कपालभाती मात्र या दोन्हींत धरू नका. झटके देत श्वास फेकण्याने तरतरी येते, म्हणून ती झोपण्यापूर्वी नको. आणि रक्तदाब जास्त असेल, हर्निया असेल किंवा बाई गरोदर असेल तर मुळीच नको.