निकेलच्या नाण्यावरचा डाग: वरवरचा की आतपर्यंत गेलेला?

१९४७ चा वाघछाप रुपया चुंबकाला पटकन चिकटतो, कारण तो शुद्ध निकेलचा आहे. १९५० चा बैलछाप आणा चिकटत नाही. त्यात तांबंच जास्त, निकेल मिसळीपुरतं. दिसायला दोन्ही पांढरीच, पण खराब होण्याची तऱ्हा निराळी. म्हणून भिंगाआधी चुंबक.

शुद्ध निकेलवर हवेमुळे ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि तोच आतल्या धातूचं रक्षण करतो. घामातलं किंवा खाऱ्या हवेतलं क्लोराइड हा थर एखाद्या कच्च्या जागी फोडतं. मग सगळी झीज तिथेच एकवटते: बाकी नाणं लखलखीत आणि मध्येच टाचणीच्या टोकाएवढा काळपट खड्डा. नुसत्या डोळ्यांना तो मळ वाटतो. दहापट भिंगाखाली खोली दिसते.

तांबं-निकेलच्या नाण्यावर हिरवट खपली धरते. बराच काळ जमिनीत राहिलेली नाणी तर तांबूस पडतात.

रंगावर मात्र फार भिस्त ठेवू नये. पावसात रस्त्यावरच्या तेलावर दिसतात तसे निळे-सोनेरी रंग पातळ थरामुळे उमटतात, आणि बरेच संग्राहक त्यासाठी जादा पैसे मोजतात. एकाच दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं करा. टाकसाळीतून आलेली झळाळी डागावरूनही सरकत गेली, तर धातू शाबूत आहे. ती डागापाशी विझली आणि तिथे खरखरीतपणा दिसला, तर धातू खाल्ला गेला आहे.

चिकट हिरवा थर असेल तर संशय अल्बमवर घ्या. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून प्लास्टिक मऊ ठेवणारी द्रव्यं पाझरतात, शिवाय आम्लही सुटतं. शुद्ध ॲसिटोनमध्ये थर विरघळतो (खिडकी उघडी, आसपास ज्योत नको, नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल-सुगंध असतात). खालचा धातू मंद निघाला, तर आम्लाने आपलं काम आधीच केलेलं असतं.

प्रत्येक खड्डा गंजाचा नसतो, हेही खरं. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्यावर हवेच्या बुडबुड्यांचे गोल, गुळगुळीत खळगे असतात. गंजाचे खड्डे वेडेवाकडे, कडा कुरतडलेल्या. आणि विकण्याआधी कोणी चिंचेने किंवा पॉलिशने घासलंच असेल, तर सपाट भागावर बारीक समांतर ओरखडे दिसतात. अक्षरांच्या कोपऱ्यांत आणि खड्ड्यांच्या तळाशी काळपटपणा मात्र उरलेला असतो, कारण फडकं तिथवर पोचत नाही.