प्रार्थना फळली नाही, म्हणजे विश्वास कमी पडला?

ठाण्यात तलावपाळीवर एका आजारी मुलाची आई हेच ऐकून रडत होती. बायबलमध्ये असा नियम नाही. मार्क ९:२४ उघडा. तिथेही आजारी मुलाचा बाप आहे. तो येशूला ओरडून सांगतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एवढ्याशा विश्वासावर मुलगा बरा होतो. मत्तय १७:२० मध्ये येशू शिष्यांना अल्पविश्वासाबद्दल टोकतो, खरं. पण माप देतो ते मोहरीचं, आपल्या फोडणीतल्या! आणि येशूचा प्रेषित पौल? ‘शरीरातला काटा’, म्हणजे त्याला छळणारा एक त्रास, जावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवलं. काटा राहिला, कृपा पुरेशी असल्याचं उत्तर मिळालं (२ करिंथ १२). त्याचा विश्वास कमी होता, असं कोण म्हणेल? त्या माउलीला मी मार्कची ती ओळ लिहून दिली, रात्री मुलाच्या उशाशी म्हणायला.